बीपीएम सॉफ्टवेअरचे प्रगत प्रशिक्षण : नेमके काय शिकायचे आणि का?

प्रस्तावना

मनीमाजरा हे चंडीगडमधले जुने गाव. शहर वसण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. चंडीगडचे रेल्वे स्थानक याच बाजूला आहे, आणि गावाला लागूनच किशनगढच्या हद्दीत राजीव गांधी चंडीगड टेक्नॉलॉजी पार्क उभा आहे. तिथे इन्फोसिससारख्या कंपन्यांची कार्यालये आहेत. जिथे आयटी पार्क तिथे आजूबाजूला प्रशिक्षण वर्ग हे समीकरण पुण्याच्या हिंजवडीत किंवा बेंगळुरूत राहणाऱ्यांना नवे नाही. अशा वर्गांच्या यादीत जावा, टेस्टिंग, क्लाउड यांच्या जोडीला एक नाव हमखास दिसते : बीपीएम, म्हणजे बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट. मराठीत आपण त्याला व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन म्हणू.

पदवीच्या शेवटच्या वर्षात असताना किंवा पहिली नोकरी लागल्यावर यातला एखादा वर्ग लावावा का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे उत्तर जाहिरातीतून मिळत नाही. त्यासाठी या विषयात शिकण्यासारखे काय आहे ते आधी माहीत हवे. या पाठात आपण एकच उदाहरण धरून तो विषय समजून घेऊ. उदाहरण तुमच्या ओळखीचे आहे : उत्पन्नाचा दाखला.

प्रक्रिया म्हणजे काय?

महाराष्ट्रात फी सवलतीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. विद्यार्थी किंवा त्याचे पालक आपले सरकार सेवा केंद्रात किंवा पोर्टलवर अर्ज करतात. कागदपत्रे तपासली जातात, गरज असेल तर तलाठ्याचा चौकशी अहवाल घेतला जातो, तहसील कार्यालयातील अधिकारी मंजुरी देतात आणि दाखला मिळतो.

यातली प्रत्येक पायरी हे एक काम आहे. पण अर्ज केल्यापासून दाखला हातात पडेपर्यंतची सगळी साखळी, तिच्यातले निर्णय, थांबे, माणसे, संगणक आणि मुदती मिळून प्रक्रिया होते. कारकून त्याचे काम चोख करतो, तलाठीही करतो, अधिकारीही करतात, आणि तरीही दाखला महिनाभर येत नाही, असे होऊ शकते. दोष कामांत नसून कामांच्या मधल्या जागेत असतो. बीपीएम हा त्या मधल्या जागेचा अभ्यास आहे.

इथे पणाला काय लागले आहे तेही लक्षात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा हक्क झाला. मुदत उलटली तर अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. देशात असा पहिला कायदा मध्य प्रदेशने २०१० मध्ये केला, पंजाबने २०११ मध्ये. म्हणजे प्रक्रियेच्या आकृतीत तुम्ही काढलेले एक घड्याळ हे कुणाचा तरी कायदेशीर हक्क असते, आणि जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीसाठी ते तिचे वर्ष असते.

थोडा इतिहास

१९९० मध्ये मायकेल हॅमर यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेल्या लेखात मांडले की जुनीच पद्धत संगणकावर चढवून उपयोग नाही, आधी अनावश्यक पायऱ्या काढून टाका. १९९३ मध्ये वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअलिशन ही संस्था स्थापन झाली आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रणाली एकमेकींशी जुळाव्यात यासाठी प्रयत्न सुरू झाले. २००४ मध्ये प्रक्रिया चितारण्याची बीपीएमएन ही चिन्हलिपी आली. तिची २.० ही आवृत्ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये ती आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक झाली.

२.० मधला मोठा बदल असा की आकृतीमागे एक्सएमएलचे ठरलेले स्वरूप आले. त्यामुळे काढलेली आकृती इंजिनला थेट चालवता येऊ लागली. आधी आकृती भिंतीवर लागायची आणि प्रोग्रॅम वेगळाच लिहिला जायचा. आता आकृती हाच प्रोग्रॅम. म्हणून आकृतीतली चूक ही प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रणालीतली चूक ठरते. प्राथमिक आणि प्रगत प्रशिक्षणातला फरक इथूनच सुरू होतो.

टोकन आणि गेटवे

चिन्हे फार नाहीत. वर्तुळ म्हणजे घटना, गोलसर कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम, समभुज चौकोन म्हणजे गेटवे, आणि आडवे पट्टे म्हणजे कोणते काम कुणाकडे आहे ते. ही चिन्हे एका दुपारी शिकून होतात. कठीण असतो त्यांचा अर्थ.

तो समजण्यासाठी टोकनची कल्पना करा. अर्ज दाखल झाला की सुरुवातीच्या वर्तुळातून एक टोकन निघते आणि बाणांवरून पुढे सरकते. गेटवेवर त्याचे काय होते?

एकल निवडीच्या गेटवेवर, म्हणजे एक्सॉरवर, टोकन अनेक वाटांपैकी एकाच वाटेने जाते. समांतर गेटवेवर, म्हणजे अँडवर, प्रत्येक वाटेसाठी एकेक टोकन तयार होते. वाटा पुन्हा एकत्र येतात तिथे अँड गेटवे सगळी टोकने येईपर्यंत थांबतो. एक्सॉर मात्र थांबत नाही, येईल ते प्रत्येक टोकन पुढे सोडतो.

आता चूक पाहू. समजा तुम्ही असे आखले : पगाराचा पुरावा असेल तर थेट मंजुरीकडे, नसेल तर तलाठी चौकशी. दोनपैकी एकच वाट, म्हणून एक्सॉर. पण पुढे वाटा जोडताना तुमच्या हातून अँड गेटवे पडला. तो दोन टोकनांची वाट पाहतो आणि येते एकच. दुसरे कधीच येणार नाही. प्रणाली बंद पडत नाही, लाल खूण दिसत नाही. पोर्टलवर अर्जाची स्थिती 'प्रक्रियेत' अशी दिसत राहते, अनंत काळ. याला कोंडी किंवा डेडलॉक म्हणतात.

उलट चूक अशी : कागदपत्र पडताळणी आणि तलाठी चौकशी एकाच वेळी चालावी म्हणून अँडने फाटे फोडले, पण जोडताना एक्सॉर वापरला. पहिले टोकन आले की मंजुरीचे काम अधिकाऱ्यापुढे गेले, चौकशी अजून झालेलीच नाही. दुसरे आले की तेच काम पुन्हा गेले. एका अर्जावर दोन मंजुऱ्या, आणि त्यातली पहिली अर्धवट माहितीवर.

या चुका परीक्षेपुरत्या नाहीत. १९६२ च्या प्रबंधात कार्ल अ‍ॅडम पेट्री यांनी मांडलेल्या पेट्री जाळ्यांच्या आधारे आकृतीत कोंडी होईल की नाही हे आधीच तपासता येते. चांगल्या वर्गात आकृती कशी काढायची याच्याबरोबर ती बरोबर आहे हे कसे सिद्ध करायचे हेही शिकवतात.

घड्याळ कुठे लावायचे?

आपल्या उदाहरणात मुदत १५ दिवसांची आहे असे धरू. बीपीएमएनमध्ये कामाच्या कडेला टायमर लावता येतो. त्याचे दोन प्रकार आहेत. काम खंडित करणारा टायमर वाजला की चालू काम रद्द होते आणि टोकन दुसऱ्या वाटेने जाते. खंडित न करणारा टायमर वाजला की मूळ काम तसेच चालू राहते आणि बाजूला एक जादा टोकन निघते.

दहाव्या दिवशी अधिकाऱ्याला आठवण जावी, हे उघडच दुसऱ्या प्रकारचे काम आहे. पंधराव्या दिवशी काय? नवशिका डिझायनर इथे खंडित करणारा टायमर लावतो, कारण मुदत संपली. परिणाम असा की मंजुरीचे काम कार्यालयाच्या यादीतून नाहीसे होते. उशीर कार्यालयाने केला आणि अर्ज गेला विद्यार्थ्याचा! योग्य रचनेत काम चालूच राहते, वरिष्ठांना सूचना जाते, आणि अर्जदाराला अपिलाचा हक्क कळवणारा संदेश जातो. दोन्ही टायमरच्या चिन्हांत फरक फक्त रेषेचा आहे : एकाचे वर्तुळ सलग रेषेचे, दुसऱ्याचे तुटक.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. अर्जात त्रुटी निघाली आणि तो परत पाठवला, तर घड्याळ चालू राहते, थांबते की पुन्हा शून्यापासून सुरू होते? आकृतीत परतीचा बाण टायमर लावलेल्या उपप्रक्रियेच्या बाहेर नेला तर फेरसादरीकरणानंतर घड्याळ नव्याने सुरू होईल. मग चौदाव्या दिवशी किरकोळ त्रुटी काढली की अहवालात एकही अर्ज मुदतबाह्य दिसणार नाही, आणि लोक मात्र दोन-दोन महिने खेटे घालत राहतील. याचे उत्तर कायदा आणि नियम देतात. ते विचारून घेणे आणि लेखी नोंदवणे हे तुमचे काम. स्वतःच्या सोयीने बाण काढून मोकळे होऊ नका.

इंजिन आत काय करते?

प्रक्रिया आठवडे, महिने चालते. तेवढा वेळ ती संगणकाच्या स्मृतीत ठेवता येत नाही. म्हणून इंजिन प्रत्येक थांब्यावर टोकनची जागा आणि अर्जाची माहिती डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी अर्ज जिथे होता तिथूनच पुढे जातो.

पण बाहेरच्या सेवांना हाक मारताना अडचण येते. समजा इंजिनने शुल्क कापणाऱ्या सेवेला विनंती पाठवली, पैसे कापले गेले, आणि उत्तर परत येण्याआधी जोडणी तुटली. इंजिनच्या नोंदीत काम अपुरे आहे, म्हणून ते पुन्हा प्रयत्न करेल. पैसे दोनदा कापले जातील का? सेवेने प्रत्येक विनंतीसोबत एक कायमचा क्रमांक मागितला आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यावर जुनेच उत्तर दिले, तर नाही. कितीही वेळा केले तरी परिणाम एकदाच, हा गुण प्रत्येक बाह्य सेवेत आहे का हे तपासायची सवय लावा.

काही वेळा मागे फिरावे लागते : शुल्क भरले गेले, पण पुढे सेवाच देता आली नाही. आठवडाभरापूर्वीचा बँक व्यवहार डेटाबेसच्या रोलबॅकने उलटत नाही. त्यासाठी परतावा हे वेगळे काम आखावे लागते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये 'सागा' या नावाने हीच कल्पना मांडली : लांब व्यवहाराचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्याची भरपाई करणारे काम जोडून ठेवायचे. बीपीएमएनमध्ये यासाठी भरपाईची स्वतंत्र चिन्हे आहेत.

नियम आकृतीबाहेर ठेवा

कोणाला किती सवलत, हे ठरवणाऱ्या अटी गेटवेमध्ये कोंबल्या तर आकृती जाळे होते आणि नियम बदलला की सगळे उपसावे लागते. म्हणून निर्णय तक्त्यात ठेवतात. त्यासाठी डीएमएन हे मानक २०१५ पासून आहे. प्रत्येक ओळ एक नियम. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेले धोरण सांगते की एकच ओळ जुळली पाहिजे, पहिली जुळणारी घ्यायची, की सगळ्या गोळा करायच्या.

समजा एका ओळीत '१ लाखापर्यंत' आणि दुसरीत '१ लाख ते ३ लाख' असे लिहिले. बरोबर १ लाख उत्पन्न असलेल्या घराचे काय? दोन्ही ओळी जुळतात. 'एकच ओळ' असे धोरण असेल तर इंजिन चूक दाखवेल आणि तुम्हाला ती सुधारता येईल. 'पहिली ओळ' असे असेल तर ते गुपचूप एक उत्तर देईल आणि कुणालाच कळणार नाही. चूक लवकर ओरडली तर बरी, म्हणून नवशिक्यांनी 'एकच ओळ' हे धोरण वापरावे.

नियम आणि प्रक्रिया बदलतातही. १ जुलैला नवी आकृती बसवली, तेव्हा जुन्या आकृतीवर चालू असलेल्या अर्जांचे काय? इंजिने सहसा जुन्या अर्जांना जुन्याच आवृत्तीवर चालू देतात. त्यांना नव्या आवृत्तीवर हलवायचे असेल तर जुन्या आकृतीतले कोणते काम म्हणजे नव्यातले कोणते, हे जोडून द्यावे लागते. नोकरीतला बराच वेळ या कामात जातो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख क्वचित असतो.

मोजमाप : सॉफ्टवेअरला काय जमत नाही?

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे : प्रणालीत सरासरी जितके अर्ज असतात ते म्हणजे रोज येणारे अर्ज गुणिले एका अर्जाला लागणारे सरासरी दिवस. आवक आणि निपटारा दीर्घकाळ सारखे असतील तेव्हा तो लागू होतो. समजा एका कार्यालयात रोज ४० अर्ज येतात, ४० निघतात आणि ६०० प्रलंबित असतात. ६०० भागिले ४० म्हणजे सरासरी १५ दिवस. मुदतही १५ दिवसांची आहे, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटेल. पण १५ ही सरासरी आहे. काही अर्ज ५ दिवसांत निघत असतील तर काहींना २५ लागत असणार. मुदत पाळायची तर सरासरी मुदतीच्या बरीच खाली हवी.

आता जून आणा. निकाल लागले, रोज १०० अर्ज येऊ लागले, निपटारा ४० वरच राहिला. रोज ६० साठतात. कामाच्या १० दिवसांत ६०० नवे प्रलंबित, एकूण १२००. क्रमाने काम केले तर त्या दिवशी आलेल्या अर्जाला १२०० भागिले ४०, म्हणजे ३० दिवस थांबावे लागेल. टायमर कितीही नेमका असो, आठवणीचे संदेश कितीही जावोत, ही रांग त्याने कमी होत नाही. त्यासाठी माणसे वाढवावी लागतील, नाहीतर पायरीच काढून टाकावी लागेल. शासनाकडे आधीच असलेली माहिती पुन्हा कागदावर मागणे बंद करणे हा त्यातला एक मार्ग. हॅमर यांचा मुद्दा इथे पुन्हा भेटतो.

गर्दी नसतानाचेही गणित करून पाहा. एका अर्जावर कारकुनाची १०, तलाठ्याची २० आणि अधिकाऱ्याची ५ मिनिटे खर्च होतात असे धरू. प्रत्यक्ष काम ३५ मिनिटांचे आणि प्रवास १५ दिवसांचा. मग ३५ ची २५ मिनिटे करणारे सुंदर पडदे बनवण्यात अर्थ किती? शोध वाट पाहण्याच्या कारणांचा घ्यायला हवा.

तो शोध नोंदींमधून घेता येतो. नेदरलँड्समधील विल व्हॅन डर आल्स्ट यांनी विकसित केलेल्या प्रोसेस मायनिंग या पद्धतीला किमान तीन रकाने लागतात : अर्ज क्रमांक, पायरीचे नाव आणि वेळ. त्यावरून प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते याची आकृती उभी राहते. कागदावरच्या आकृतीत नसलेले परतीचे बाण त्यात जाडजूड दिसतात. त्रुटी काढून परत पाठवण्याचे प्रमाण कुठे जास्त आहे, हे तिथे लपत नाही.

वर्ग निवडताना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बीपीएमची उत्पादने अनेक आहेत. १९८३ पासूनची पेगासिस्टिम्स, १९९२ मध्ये सुरू झालेली आपल्या दिल्लीची न्यूजेन, कॅमुंडा, आणि अ‍ॅक्टिव्हिटीपासून फुटून निघालेले ओपन सोर्स फ्लोएबल ही त्यातली काही. प्रत्येकाचे पडदे वेगळे. पडदे शिकवणारा वर्ग वाईट नसतो. एखाद्या कंपनीत तेच उत्पादन वापरत असतील तर तो लगेच उपयोगी पडतो. पण कंपनीने उत्पादन बदलले की ते ज्ञान जुने होते. टोकन, टायमर, भरपाई, निर्णय तक्ता आणि रांगेचे गणित कोणत्याही उत्पादनात तेच राहते.

म्हणून पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा. बिघडलेली आकृती देऊन दुरुस्त करायला लावता का? सेवा मध्येच बंद पाडून पुढे काय होते ते दाखवता का? चालू अर्ज नव्या आवृत्तीवर हलवण्याचा सराव आहे का? नोंदींवरून विलंब शोधण्याचा प्रकल्प आहे का? आणि शेवटी, नियम कुणाला विचारून ठरवायचा हे शिकवता का? पाचांपैकी एकाचेही उत्तर 'हो' नसेल तर तो प्राथमिक वर्ग आहे, नाव काहीही असो. जावा किंवा तत्सम एक भाषा, एसक्यूएल आणि वेब सेवांची ओळख नसेल तर आधी ती करून घ्या.

वर्ग लावण्याची ऐपत नसेल तर अडून बसू नका. बीपीएमएन आकृत्या काढण्याचे बीपीएमएन डॉट आयओ हे साधन फुकट आहे आणि फ्लोएबलचे मुक्त इंजिन स्वतःच्या संगणकावर चालवता येते.

सारांश

प्रक्रिया म्हणजे कामांच्या मधल्या जागांसह असलेली पूर्ण साखळी. आकृती चालवता येते, म्हणून तिच्यातली चूक माणसांपर्यंत पोहोचते. फाटा ज्या प्रकारचा, जोडही त्याच प्रकारची हवी. मुदतीच्या टायमरने अर्जदाराचे काम रद्द होता कामा नये. बाह्य सेवा पुन्हा बोलावली तरी परिणाम एकदाच व्हावा. आणि क्षमतेपेक्षा आवक जास्त असेल तर सॉफ्टवेअर रांग दाखवू शकते, संपवू शकत नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातील बोनाफाईड प्रमाणपत्राची प्रक्रिया बीपीएमएनमध्ये काढा. प्रत्येक फाट्यासमोर त्याची जोड कोणती ते लिहा.

२. त्या आकृतीत कोंडी मुद्दाम निर्माण करा आणि शेजाऱ्याला शोधायला सांगा.

३. एका ग्रंथालयात रोज सरासरी ३० पुस्तके दिली जातात आणि कोणत्याही दिवशी सरासरी ३६० पुस्तके बाहेर असतात. एक पुस्तक सरासरी किती दिवस बाहेर राहते? (उत्तर : १२ दिवस)

४. त्रुटी काढून परत केलेल्या अर्जाचे घड्याळ थांबावे की चालू राहावे? अर्जदाराची आणि कार्यालयाची अशा दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच ओळी लिहा. मग तुमच्या राज्याचा सेवा हक्क कायदा काढून त्यात काय म्हटले आहे ते वाचा.